गारगोटी पचत नाही!

ओट्यासाठी ग्रॅनाइट कापणारा मिस्त्री पाहिलाय? कटर दगडाला टेकला की पांढरा लोट उठतो आणि बघता बघता मिस्त्रीच्या भुवया पिकतात. गंमत अशी, की भुवयांवर बसलेली ती जाड धूळ त्यातल्या त्यात बरी. घातकी धूळ दिसतच नाही.

ग्रॅनाइटमध्ये वीस टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ असतं, म्हणजे आपली गारगोटी, स्फटिकरूप सिलिका. तिचे मोठे कण नाका-घशात अडतात. पाच मायक्रॉनहून लहान कण मात्र थेट फुप्फुसांच्या वायुकोशांत उतरू शकतात. आणि ते हवेत किती वेळ राहावेत? एक मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून, वारा अजिबात नसला तरी, चार-पाच तास खाली येत राहतो! लोट विरला म्हणून मंडळी तिथेच डबे उघडून बसतात, तेव्हाही तो कण हवेतच असतो.

आत तर त्याहून अजब प्रकार. वायुकोशांत भक्षक पेशींचा पहारा असतो. जंतू दिसला की गिळायचा आणि पाचक रसांत विरघळवायचा. गारगोटीचा कणही त्या तितक्याच तत्परतेनं गिळतात. पण दगड पचणार कसा? उलट त्या रसांची पिशवीच फाटते, पेशी मरते आणि कण जसाच्या तसा बाहेर. दुसरी पेशी येते, तोच कण गिळते, तीही मरते. या धुमश्चक्रीत घट्ट तंतू साचत जातात, फुप्फुस आखडतं. हाच सिलिकोसिस. बरा करणारं औषध नाही, आणि क्षयरोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

मग उपाय काय? अमेरिकेत कोलोरॅडोच्या जॉर्ज लेनरनं 1890 च्या दशकात खाणींसाठी पोकळ दांड्याचं ड्रिल बनवलं. पोकळीतून दाबानं हवा सोडायची, की भोकातला भुगा बाहेर. काम झपाट्यानं होई, पण सगळा भुगा कामगाराच्या तोंडावर! खाणकामगारांनी ते नाकारलं. लेनरनं मग काय केलं? त्याच पोकळीतून पाणी सोडलं. बस्स, एवढंच.

आजही काँक्रीट कापणाऱ्या करवतीच्या पात्यावर मिनिटाला अर्धा लिटर पाणी सोडलं, तर धूळ सुमारे 90 टक्क्यांनी घटते. मात्र पाणी पात्यापाशीच हवं. उडालेल्या बारीक कणावर फवारा मारून फारसं साधत नाही: थेंब पुढची हवा बाजूला सारतो आणि कण त्या हवेबरोबर थेंबाला वळसा घालून निसटतो. रुमाल? त्याच्या विणीतून असे कण आरामात जातात. (विजेच्या कटरवर बाटलीनं पाणी ओतणं म्हणजे शॉकला आमंत्रण, नळी जोडलेलाच कटर हवा, आणि तो आणणं ठेकेदाराचं काम.)

उरलेला चिखल ओला असतानाच उचलायचा. वाळू दिला, तर झाडूच्या पहिल्याच फटक्यात तो पुन्हा हवेत.