मल्ल, औषध आणि आपली जबाबदारी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. शीतकाळी, स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाने अर्धशक्तीने व्यायाम करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. कपाळी, काखेत घाम व मुखशोष ही त्याची खूण आपण जाणतोच. आखाड्यात मात्र मल्लास सर्व शक्ती पणास लावावी लागते. मग संधिशूल वा अग्निमांद्य घेऊन तो आपल्याकडे येतो.

येथेच आम्हांस वैद्यबंधूंना सावध करावेसे वाटते. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांतील कुचल्यात स्ट्रिक्नीन असते. शोधनाने ते घटते, नाहीसे होत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार ते स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. जातीफलादी चूर्णातील भांगेसही हाच नियम लागू पडतो. नमुन्यात असे द्रव्य आढळल्यास, औषध वैद्यांनी दिले असले तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते.

म्हणून रुग्णपरीक्षणात ‘आपण स्पर्धेत उतरता काय?’ हा एक प्रश्न वाढवावा. औषधविक्रेत्यांनीही घटकद्रव्ये न छापलेली ‘ताकदीची’ पुडी दुकानात ठेवू नये. मल्लाची वर्षांची मेहनत आपल्या एका वटीने वाया जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.