विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात

शाहूपुरीतून आम्ही बचत गटाच्या कार्यकर्त्या आज जुन्या नाण्या-नोटांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीबद्दल बोलणार आहोत. बैठकीत हा विषय वारंवार निघतोय. "ताई, ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट माझ्याकडं हाय. मोबाईलवर पाच लाखाला घेतो म्हणत्यात. विकू का?" असं एक विचारते, की लगेच दुसरी वैष्णोदेवीचं नाणं काढते आणि तिसरी ७८६ नंबरची नोट.

आधी खरं काय ते सांगतो. ट्रॅक्टरची नोट आजही बाजारात पाच रुपयांनाच चालते. वैष्णोदेवीचं नाणं सरकारने २०१२ साली काढलं, ते आजही अनेकींच्या डब्यात सापडतं. छंद असलेली माणसं एखाद्या खास नंबरच्या नोटेला थोडे जास्त पैसे देतात, हे खरं. पण जी वस्तू घरोघरी आहे, तिला लाखो रुपये कोण देईल?

मग फोनवरच्या माणसाला काय हवं असतं? त्याला तुमची नोट नको असते, तुमच्या खात्यातले पैसे हवे असतात. त्याची रीत ठरलेली आहे. आधी नोटेचा फोटो मागतो आणि "एकदम दुर्मिळ आहे" म्हणतो. मग आधार कार्ड आणि पासबुकाचा फोटो मागतो. मग नोंदणीसाठी पाचशे-हजार रुपये भरायला सांगतो. ते भरले की जीएसटी, मग कुरिअरचा विमा, मग "रिझर्व्ह बँकेचं कमिशन". व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेलं पत्रही येतं. प्रत्येक वेळी "एवढे भरले की रक्कम लगेच जमा" असं सांगितलं जातं. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून बाई पुढचे भरते, आणि त्यातच अडकत जाते.

याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि कोणालाही आपल्या वतीने ते गोळा करायला नेमलेलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ते शिक्क्याचं पत्र खोटं, हे डोळे झाकून समजा.

आता आपल्या पेठेचंच उदाहरण घ्या. शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवली आणि गुळामुळे तिचं नाव झालं. कोल्हापुरात गुळाचा सौदा कसा होतो, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. माल समोर असतो, व्यापारी रवा बघतो, बोली सगळ्यांसमोर होते. हमाली-तोलाईसारखा जो काही खर्च असेल, तो पट्टीतून कापतात. "आधी पाच हजार भर, मग तुझा गूळ विकतो" असं कोणी म्हणालं, तर शेतकरी गाडी माघारी वळवेल. नाण्यांचे खरे लिलाव करणारेही आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापून घेतात. म्हणून एवढं ध्यानात ठेवा: विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात.

दुसरी खूण पिनची. "पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असं सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे यायला पिन लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

विकत घेतानाही फसगत होते. शिवराई आणि होन यांच्यावर आपला जीव, हे ठगांना चांगलं माहीत आहे. शिवराज्याभिषेकाची आठवण म्हणून नव्याने केलेले होन मिळतात. ते हौसेने घ्यायला काही हरकत नाही. पण तोच मुलामा दिलेला होन "अस्सल शिवकालीन" म्हणून विकला, तर ती फसवणूक. अस्सल होन फार दुर्मिळ आहेत, ते दोन-पाच हजारांत कोणी मोबाईलवर विकत नाही. तसंच "ईस्ट इंडिया कंपनी, १८१८" असं कोरलेली आणि रामदरबार किंवा हनुमान असलेली तांब्याची जाड नाणी कंपनीने काढलेली नाहीत, ती अलीकडची आहेत. तांदूळ ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भांड्याला कोटी मिळतात, हीसुद्धा निव्वळ थाप.

ऑनलाइन लिलावात आणखी एक गोष्ट चालते. विकणाऱ्याचीच माणसं वेगवेगळ्या नावांनी बोली चढवतात. म्हणून किती रुपयांपर्यंत जायचं ते आधी कागदावर लिहा आणि तिथे थांबा. वस्तू परत घेण्याची लेखी हमी नसेल, तर पैसे पाठवू नका.

तुमच्याकडे खरोखर जुनी नाणी असतील, तर ती चिंचेने किंवा राखेने घासू नका, घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. माहीतगार माणसाला समोरासमोर दाखवा, आणि एकावर न थांबता दोघा-तिघांना विचारा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या कायद्याने ते आपल्याला परदेशात विकता येत नाही. शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुन्या नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि पैसे गेलेच तर? ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. मग आपल्या बँकेला कळवा. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन इथे किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, त्याचे फोटो आणि पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. नंतर "तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन येईल. तोही ठगच.

शेवटचं आणि महत्त्वाचं. पैसे गेले की बाई घरात सांगत नाही. "नवरा काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील" या धास्तीने ती गप्प बसते, आणि भरपाई करायला गटातून कर्ज उचलते किंवा डोरलं गहाण टाकते. ठगाचं फावतं ते या गप्प बसण्यामुळेच. म्हणून प्रत्येक गटाने ठराव करून वहीत लिहावा: अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याआधी निदान दोघी मैत्रिणींना सांगायचं आणि एक रात्र थांबायचं. आणि जिचे पैसे गेले, तिला कोणी हसायचं नाही. उलट दोघींनी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जायचं.

हे बोलणं तुमच्या पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, आणि १९३० हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.