पृथ्वीचा पोटखराबा?

महसुली दप्तरात ‘पोटखराबा’ असा एक शब्द आहे. ज्या जमिनीत पीक येत नाही, तिची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर या नावाने होते. माणसाने साऱ्या पृथ्वीचा सातबारा मनाशी लिहावयास घेतला, तेव्हा उत्तर ध्रुवाभोवतीचा टुंड्रा प्रदेश त्याने असाच पोटखराब्यात टाकला. झाड नाही, शेत नाही, वर्षातील आठ-नऊ महिने बर्फ. पाऊस आणि हिम मिळून होणारी वृष्टीही बहुतेक ठिकाणी वाळवंटाइतकीच, म्हणजे २५० मिलिमीटरच्या आत. जेथे काही पिकत नाही तेथे बिघडणार तरी काय, असा हा हिशेब होता. तो किती महाग पडू शकतो, हे गेल्या सहा-सात दशकांत जगाला पुनःपुन्हा पाहावयास मिळाले आहे.

टुंड्राची सारी घडण त्याच्या जमिनीत आहे. वरचा थोडासा थर सोडला तर खालची भूमी उन्हाळ्यातही गोठलेलीच राहते. त्यामुळे मुळांना खोल जाता येत नाही आणि वितळलेले पाणीही खाली झिरपत नाही. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत वनस्पतींना आपले वर्षाचे सारे व्यवहार उरकावे लागतात. विलोसारखा वृक्षही येथे जमिनीला चिकटून वितभर वाढतो. गवत, शेवाळ आणि खडकांवरची शैवाके यांवर लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी, तसेच कॅरिबू आणि रेनडियर हे हरणांच्या कुळातील प्राणी जगतात. त्यांच्यावर कोल्हे, लांडगे, घुबडे आणि माणसे. अन्नाची ही साखळी अत्यंत आखूड आहे. उष्ण कटिबंधातील अरण्यात एक दुवा ढळला तर दुसरा काही अंशी त्याची जागा घेतो. येथे तशी सोय फार थोडी. तळाशी जे शिरले ते दोन पावलांत माणसाच्या ताटात पोहोचते.

ही गोष्ट प्रथम ठळकपणे पुढे आली ती अलास्कात. १९५८ साली अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर केप थॉम्पसनजवळ अणुस्फोटांच्या मालिकेने एक बंदर खोदण्याची योजना आखली. ‘प्रोजेक्ट चॅरियट’ हे तिचे नाव आणि हायड्रोजन बाँबशी ज्यांचे नाव जोडले गेले ते एडवर्ड टेलर तिचे पुरस्कर्ते. जागा का निवडली, तर ती निर्जन म्हणून! वस्तुतः तेथून सुमारे ५० किलोमीटरवर पॉइंट होप हे इनुपियाट लोकांचे प्राचीन गाव होते आणि तेथील माणसे त्याच भूमीत शिकार करून जगत होती. १९५९ साली गावाच्या परिषदेने एकमताने विरोध नोंदविला. दरम्यान विरोधाला उत्तर म्हणून आयोगाने जीवशास्त्रज्ञांकडून त्या परिसराची पाहणी सुरू केली आणि या पाहणीतूनच योजनेच्या मुळावर घाव पडला.

त्याचे कारण शैवाक. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल हे शैवाकच होय. शैवाकाला मुळे नसतात. ओलावा आणि क्षार ते थेट हवेतून व पावसातून घेते आणि वर्षाला काही मिलिमीटर एवढेच वाढते. म्हणून अणुचाचण्यांची जी किरणोत्सर्गी धूळ आकाशातून उतरते, ती त्याच्या अंगी वर्षानुवर्षे साचत राहते. कॅरिबू हिवाळा काढतो तो मुख्यतः शैवाकावर आणि इनुपियाट जगतात कॅरिबूच्या मांसावर. अलास्कात एकही स्फोट झाला नसता तेथील लोकांच्या शरीरात किरणोत्सर्गी सीझियमचे प्रमाण दक्षिणेकडील अमेरिकनांपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळले. विल्यम प्रुइट आणि लेस्ली व्हिएरेक या शास्त्रज्ञांनी हे धोके उघडपणे मांडले. त्यापायी त्यांना विद्यापीठातील जागा गमवाव्या लागल्या. परंतु १९६२ साली योजना गुंडाळली गेली.

या निष्कर्षाची कटू प्रचीती १९८६ साली आली. एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि तिची धूळ पावसाबरोबर स्वीडन-नॉर्वेच्या कुरणांवर उतरली. रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांचा त्या दुर्घटनेशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्यांच्या हजारो जनावरांचे मांस खाण्यास अयोग्य ठरून टाकून द्यावे लागले.

तिसरा धडा अजून संपलेला नाही. थंडीमुळे टुंड्रात मेलेले गवत-शेवाळ पुरते कुजत नाही. ते थरावर थर गोठून राहते. उत्तरेकडील कायम गोठलेल्या भूमीत असा सुमारे १५०० अब्ज टन कार्बन साठला आहे. आज वातावरणात जितका आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. ही भूमी वितळू लागली की सूक्ष्म जीव कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन हवेत जातात. २००७ साली अलास्कातील अ‍ॅनाक्टुव्हुक नदीकाठी टुंड्राचे सुमारे एक हजार चौरस किलोमीटर क्षेत्र जळाले. वणव्यांतून जाणारा कार्बन जमेस धरला, तर टुंड्रा आता जितका कार्बन घेतो त्याहून अधिक सोडतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सागर व वातावरणविषयक संस्थेच्या डिसेंबर २०२४ मधील अहवालात नोंदला आहे. सहस्रावधी वर्षे ठेव सांभाळणारी ही पेढी आता मुद्दल परत करू लागली आहे, आणि ते कोणी मागितलेले नाही.

हा विषय आपल्यापासून दूर आहे, असे मानण्याचे कारण नाही. वृक्षरेषेच्या वर हिमालयातही याच जातीची भूमी आहे: तीच थंडी, तोच अल्पायुषी उन्हाळा, तशीच जमिनीला बिलगलेली वनस्पती. लडाखमधील चांगथांगच्या पठारावर चांगपा पशुपालक पश्मिना देणाऱ्या शेळ्या अशाच विरळ गवतावर पोसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधील १३ गिगावॉट क्षमतेच्या ऊर्जाप्रकल्पासाठी वीजवाहिन्यांच्या योजनेस मंजुरी दिली. सूर्यापासून वीज हवी, याविषयी दुमत नाही. उष्ण होत चाललेल्या जगात ती अधिकच हवी. तथापि अशी जागा निवडताना ‘ओसाड’ हा शब्द पुरेसा मानला जाऊ नये. तेथे काय उगवते, ते कोण खाते आणि त्यावर कोणाचे पोट आहे, हे प्रश्न आधी विचारले जावेत आणि उत्तरे देताना त्या भूमीत वावरणाऱ्यांचे म्हणणे प्रथम ऐकले जावे. पॉइंट होपच्या शिकाऱ्यांनी १९५९ सालीच जे ओळखले होते, ते सिद्ध करावयास शास्त्रज्ञांना आणखी काही वर्षे लागली.

जमिनीची किंमत तिच्या पिकावरून ठरविण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. पृथ्वीच्या पाठीवर काही जमिनी मात्र अशा आहेत की, त्यांनी काहीही न पिकविता नुसते गोठून राहावे यातच इतर सर्व शेतांचे हित आहे.