विश्लेषण : ‘पिरासिटाम’ने स्मरणशक्ती खरेच वाढते का?

परीक्षा तोंडावर आली किंवा घरातील ज्येष्ठ नावे विसरू लागले, की ‘मेंदूच्या गोळी’ची चौकशी सुरू होते. त्यात पिरासिटाम हे नाव अनेकदा पुढे येते. हे औषध नेमके काय करते?

औषध आले कुठून?
बेल्जियममधील ‘यूसीबी’ या औषध कंपनीत कॉर्नेलियू जुर्जा यांनी १९६४ मध्ये हे रसायन तयार केले. गुंगी किंवा उत्तेजना न आणता मेंदूची क्षमता वाढवणाऱ्या औषधांसाठी त्यांनीच १९७२ मध्ये ‘नूट्रॉपिक’ हा शब्द रूढ केला.

मेंदूत काय घडते?
मेंदूतील ‘गाबा’ या रसायनापासून पिरासिटाम बनवले गेले. मात्र ते गाबासारखे काम करत नाही. मेंदूतील पेशींचे आवरण त्यामुळे अधिक लवचीक होते आणि संदेशवहन सुधारते, असे मानले जाते. रक्तातील प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्याचे प्रमाणही घटते.

पुरावा काय सांगतो?
मेंदूतील बिघाडामुळे स्नायूंना अचानक बसणाऱ्या झटक्यांवर, म्हणजे मायोक्लोनसवर, युरोपात ते पूरक औषध म्हणून दिले जाते. स्मृतिभ्रंशाबाबत चित्र वेगळे आहे. उपलब्ध चाचण्या तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’च्या आढाव्यात वापराची शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. निरोगी विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती वाढते, हेही सिद्ध झालेले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पिरासिटामला मान्यता दिलेली नाही. याच कुळातील लेव्हेटिरासिटामला मात्र तेथे १९९९ मध्ये अपस्मारासाठी मान्यता मिळाली.

धोका कोणाला?
हे औषध जवळपास जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असल्यास ते शरीरात साचते. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना ते देत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. अस्वस्थता, वजनवाढ, झोपाळूपणा, नैराश्य असे दुष्परिणामही दिसू शकतात. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे.

मग विसरभोळेपणाचे काय?
‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, अपुरी झोप किंवा आधीपासून सुरू असलेली काही औषधे यांमुळेही विसर पडतो. ही कारणे वेळीच सापडली तर त्यांवर इलाज आहे. स्वतःच्या मनाने गोळी सुरू केल्यास पैसे तर जातातच, पण निदानही लांबते. म्हणूनच विसरणे वाढले, तर आधी तपासणी आणि मग औषध, हाच क्रम योग्य.