गुडइनफ, जॉन बॅनिस्टर

(२५ जुलै १९२२ – २५ जून २०२३). अमेरिकन घनावस्था भौतिकीविज्ञ व पदार्थवैज्ञानिक. लिथियम-आयन विद्युत् घटाच्या धन अग्रासाठी वापरण्यात येणाऱ्या ऑक्साइडांचा शोध आणि घन विद्युत् विच्छेद्यांविषयीचे मूलभूत संशोधन यांकरिता प्रसिद्ध. लिथियम-आयन विद्युत् घटांच्या विकासाबद्दल त्यांना एम्. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांच्याबरोबर २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळी ते ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल पारितोषिक मिळविणारे ते पहिलेच होत.

गुडइनफ यांचा जन्म जर्मनीतील येना येथे अमेरिकन मातापित्यांच्या पोटी झाला. त्यांचे वडील अर्विन रॅम्सडेल गुडइनफ हे येल विद्यापीठात धर्मेतिहासाचे प्राध्यापक होते. लिखित शब्द ओळखण्यात अडथळा आणणाऱ्या डिस्लेक्सिया या दोषामुळे जॉन यांना बालपणी वाचन कष्टाचे जाई. तथापि शिष्यवृत्तीवर ग्रोटन येथील शाळेत शिक्षण घेऊन त्यांनी येल विद्यापीठाची गणित विषयातील पदवी संपादन केली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात वातावरणवैज्ञानिक म्हणून काम केले. युद्धानंतर शिकागो विद्यापीठात भौतिकीच्या अभ्यासासाठी ते दाखल झाले, तेव्हा या विषयात काही नवे करून दाखविण्याचे त्यांचे वय उलटून गेले आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. १९५२ मध्ये क्लॅरेन्स झीनर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच्.डी. पदवी मिळविली.

१९५२–७६ या काळात ते मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेत होते. तेथे संगणकाच्या स्मृतीसाठी लागणाऱ्या फेराइट गाभ्यांच्या विकासात त्यांनी भाग घेतला. ऑक्सिजन अणूच्या मध्यस्थीने शेजारच्या दोन धातू आयनांची (विद्युत् भारित अणूंची) चुंबकीय परिबले एकाच दिशेने राहतील की विरुद्ध दिशांनी, हे ठरविणारे नियम त्यांनी मांडले. जपानी शास्त्रज्ञ जुनजिरो कानामोरी यांनी ते पुढे विकसित केल्यामुळे ते ‘गुडइनफ-कानामोरी नियम’ म्हणून ओळखले जातात. वरवर पाहता या कामाचा विद्युत् घटांशी काही संबंध दिसत नाही. परंतु ऑक्साइडांतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा पातळ्यांविषयी या काळात मिळालेले ज्ञानच त्यांच्या पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरले.

विद्युत् घटात दोन विद्युत् अग्रे व त्यांच्यामध्ये विद्युत् विच्छेद्य (ज्यातून आयनांचे वहन होते परंतु इलेक्ट्रॉनांचे होत नाही, असा पदार्थ) असतो. इलेक्ट्रॉन बाहेरील मंडलातून जातात व त्यांच्यापासून उपयुक्त कार्य मिळते. नेहमीच्या घटात अग्रे घन आणि विच्छेद्य द्रव असतो. १९६७ च्या सुमारास फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत याच्या उलट रचनेचा घट पुढे आला. त्यात वितळलेले सोडियम व वितळलेले गंधक ही अग्रे असून त्यांच्यामध्ये बीटा ॲल्युमिना या सेरॅमिक पदार्थाची भिंत होती. बीटा ॲल्युमिनाच्या स्फटिकात सोडियम आयन केवळ ठराविक प्रतलांतच हालचाल करू शकतात. हे आयन तिन्ही दिशांना फिरू शकतील अशी सांगाड्यासारखी स्फटिकरचना शोधण्याचे काम गुडइनफ यांनी हाती घेतले. १९७६ मध्ये त्यांनी एच्. वाय्-पी. हाँग व जे. ए. कॅफालस यांच्याबरोबर सोडियम, झिर्कोनियम, सिलिकॉन व फॉस्फरस यांचे एक मिश्र ऑक्साइड प्रसिद्ध केले. ३००° से. तापमानास त्याची आयनी संवाहकता बीटा ॲल्युमिनाच्या तोडीची आढळली. ‘सोडियम अतिआयनी संवाहक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्यास ‘नॅसिकॉन’ हे नाव पडले.

सैनिकी निधीतून करावयाच्या संशोधनावर अमेरिकन काँग्रेसने घातलेल्या निर्बंधांमुळे लिंकन प्रयोगशाळेत ऊर्जाविषयक काम चालू ठेवणे अवघड झाले. म्हणून १९७६ मध्ये गुडइनफ ऑक्सफर्ड विद्यापीठातील अकार्बनी रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्यापूर्वी व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत टिटॅनियम डायसल्फाइडाच्या थरांत लिथियम आयन शिरू व बाहेर पडू शकतात, हे दाखविले होते. पण त्या घटाचा विद्युत् दाब २ व्होल्टपेक्षा थोडाच अधिक होता. ऑक्सिजनाच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा पातळी गंधकाच्या पातळीपेक्षा खाली असल्याने ऑक्साइड वापरल्यास दाब वाढेल, असे गुडइनफ यांनी अनुमान केले. १९८० मध्ये कोइची मिझुशिमा, पी. सी. जोन्स व पी. जे. वाइझमन यांच्या साहाय्याने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरून त्यांनी सु. ४ व्होल्ट दाब मिळविला. लिथियम आरंभीच धन अग्रात असल्यामुळे ऋण अग्रासाठी धातुरूप लिथियमाची आवश्यकता उरली नाही. १९८५ मध्ये योशिनो यांनी ऋण अग्रासाठी कार्बनी पदार्थ वापरला व १९९१ मध्ये सोनी कंपनीने असे घट बाजारात आणले. या शोधाचे एकस्व (पेटंट) घेण्यास ऑक्सफर्ड विद्यापीठाने उत्सुकता दाखविली नाही. ते हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन संस्थेकडे गेले आणि गुडइनफ यांना त्यापासून अर्थप्राप्ती झाली नाही.

ऑक्सफर्डमधील सक्तीची सेवानिवृत्ती टाळण्यासाठी १९८६ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. मद्रासच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर अरुमुगम मंथिराम हे ऑक्सफर्डपासून त्यांचे सहकारी होते. दोघांनी सल्फेटासारखे ऋणायन गट असलेल्या लोह संयुगांत अधिक विद्युत् दाब मिळतो, हे दाखवून दिले. याच दिशेने पुढे जाऊन १९९७ मध्ये अक्षय पाढी, के. एस्. नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी लिथियम लोह फॉस्फेट हा धन अग्रासाठीचा पदार्थ प्रसिद्ध केला. कोबाल्टापेक्षा लोह स्वस्त व विपुल असून हा पदार्थ तापल्यावरही सहजी ऑक्सिजन सोडत नाही. त्यामुळे वाहनांत व वीज साठविण्याच्या संयंत्रांत त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर होऊ लागला. नोबेल पारितोषिकाच्या वेळचे गुडइनफ यांचे व्याख्यान स्टॉकहोम येथे त्यांच्या वतीने मंथिराम यांनी दिले.

लिथियम-आयन घटातील द्रव विच्छेद्य ज्वालाग्राही असतो. शिवाय धातुरूप लिथियमाचे अग्र वापरल्यास भारित करताना त्यावर सुयांसारख्या शाखा वाढतात, त्या समोरच्या अग्रास भिडतात व घट पेट घेऊ शकतो. घन विच्छेद्यामुळे हे दोन्ही धोके टळतील, ही आशा बाळगून गुडइनफ नव्वदीनंतर पुन्हा आपल्या जुन्या विषयाकडे वळले. पोर्तुगीज भौतिकीविज्ञ मारिया एलेना ब्रागा यांच्यासह त्यांनी काचरूप विच्छेद्य असलेल्या घटाचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर इतर तज्ञांनी आक्षेप घेतले. दोन्ही अग्रांवर लिथियमच साचत असेल, तर घटाला ऊर्जा कोठून मिळते, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता. हा वाद बाजूला ठेवला, तरी घन विच्छेद्याची अडचण आता केवळ आयनी संवाहकतेची राहिलेली नाही. द्रवांशी तुल्य संवाहकता असलेले सल्फाइड विच्छेद्य २०११ मध्ये जपानमध्ये तयार झाले आहेत. भारित व विभारित होताना अग्रांचे आकारमान बदलत असूनही दोन घन पृष्ठभागांचा संपर्क टिकविणे आणि सेरॅमिकातील सूक्ष्म तड्यांतून लिथियम शिरू न देणे, या खऱ्या अडचणी आहेत. गुडइनफ यांच्या हयातीत त्या पूर्णपणे सुटल्या नाहीत.

त्यांच्या ग्रंथांपैकी मॅग्नेटिझम अँड द केमिकल बाँड (१९६३) हा महत्त्वाचा असून विटनेस टू ग्रेस (२००८) हे त्यांचे आत्मचरित्र आहे. जपान पारितोषिक (२००१), एन्रीको फेर्मी पारितोषिक (२००९), अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक (२०११) व रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक (२०१९) हे सन्मान त्यांना मिळाले. ऑस्टिन येथे वयाच्या शंभराव्या वर्षी ते मरण पावले.