म्हातारपणचे औषधपाणी आणि त्याचा हिशेब

विमा आहे, मग औषधांची काळजी कशाला, असे पुष्कळांना वाटते. आणि फसगत होते ती नेमकी येथेच. आपल्याकडील बहुतेक सारा आरोग्यविमा हा इस्पितळात खाटेवर पडलेल्या माणसाचा आहे. सकाळी न्याहारीनंतर रक्तदाबाची एक आणि रात्री मधुमेहाची एक अशा गोळ्या घेत जो हिंडताफिरता आहे, त्याच्या या रोजच्या खर्चाचा भार विमा क्वचितच उचलतो. वार्धक्यातला खर्च तर बहुतांशी हाच. शस्त्रक्रिया आयुष्यात एकदा-दोनदा होते. गोळ्यांची पट्टी मात्र दर दहा दिवसांनी संपते.

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेली मंडळी तिकडच्या औषधविम्याच्या गोष्टी सांगतात. तेथे वृद्धांसाठी सरकारी योजनेत २००६ पासून औषधांचा स्वतंत्र भाग आहे. आपल्याकडे तसे काही नाही, हे प्रथम मनाशी पक्के करावे.

आता सत्तरीनंतर मिळणाऱ्या कार्डाचे पाहू. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. हे कार्ड आधारकार्डाच्या बळावर निघते आणि ते काढावेच. पण ते लागू होते इस्पितळात दाखल झाल्यावर. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी परतल्यावरचे पंधरा दिवस एवढ्यांची औषधे त्यात येतात; सोळाव्या दिवसापासून खिसा आपला. म्हणून घरी सोडतेवेळी पंधरा दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्या. पुष्कळ जण घाईत तशीच रिक्षा धरतात.

रोजची औषधे ज्यांना खरोखर मिळू शकतात असे काही लोक मात्र आपल्यातच आहेत आणि त्यांपैकी कित्येकांना ते ठाऊक नसते. नायगावचा माणूस म्हणजे निम्मे आयुष्य लोकलमध्ये काढलेला. कोणी रेल्वेत होता, कोणी केंद्र सरकारच्या कचेरीत, कोणी वसई पूर्वेच्या कारखान्यात. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांसाठी १९९७ ची स्वतंत्र वैद्यकीय योजना आहे. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना केंद्राच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून औषधे मिळतात. सर्वांत दुर्लक्षित आहे तो राज्य विमा, म्हणजे १९४८ च्या कायद्याने आलेली कामगारांची योजना. किमान पाच वर्षे विमाधारक राहून जो वयोमानाने निवृत्त झाला, त्याला वर्षाचे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी (किंवा पतीसाठी) वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये! जुना विमा क्रमांक ट्रंकेत पडला असेल तर तो आजच शोधावा. शिवाय महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत. तेथे रक्तदाबाच्या नि मधुमेहाच्या साध्या गोळ्या आहेत का, हे विचारण्यात कमीपणा कसला?

ज्यांच्याजवळ यांतले काहीच नाही, त्यांनी किमतीचे कोडे समजून घेतले पाहिजे. औषधाला दोन नावे असतात. एक त्याच्या द्रव्याचे, दुसरे कंपनीने ठेवलेले. द्रव्य तेच असून नाव बदलले की किंमत बदलते. अमेरिकन सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने १९६१ साली भारताची गणना औषधे अतिशय महाग असलेल्या देशांत केली होती, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने तेच द्रव्य निराळ्या कृतीने बनविण्याची मुभा दिली, तेव्हा देशी कारखाने उभे राहिले आणि चित्र पालटले. २००५ मध्ये कायदा पुन्हा बदलला व नव्या द्रव्यांवर वीस वर्षांची मक्तेदारी आली.

या मक्तेदारीचा अर्थ मधुमेह्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये डोळ्यांनी पाहिला. एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे पेटंट संपले. तोवर सुमारे साठ रुपयांना मिळणारी गोळी इतर कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. तरीही जुन्या चिठ्ठीवरचे जुनेच नाव दाखवून कोणी साठ रुपये मोजत असेल, तर दोष दुकानदाराचा नव्हे. चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसऱ्या नावाचे औषध देण्याची त्याला कायद्याने मनाई आहे. म्हणून बोलायचे ते डॉक्टरांशी. "डॉक्टरसाहेब, द्रव्याचे नाव लिहून द्याल का? हेच स्वस्तात मिळेल का?" एवढे विचारावे. डॉक्टरांच्या आचारसंहितेतच तसे लिहिण्याचा निर्देश आहे. त्यामुळे यात उद्धटपणा मुळीच नाही.

मग ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जावे. ही दुकाने २००८ पासून निघाली. तेथील किमती बाजारातील नामांकित औषधांहून सर्वसाधारणपणे निम्म्याने वा त्याहूनही कमी असतात, आणि मालाची प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासली जाते. त्यांची एक खोड आहे: हवे ते औषध नेहमी असतेच असे नाही. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी जावे, म्हणजे खोळंबा होत नाही.

'वीस टक्के सूट' या पाटीला भुलू नये. साठावर वीस टक्के सूट म्हणजे अठ्ठेचाळीस. दहाची गोळी सूट न घेताही दहाचीच. टक्का पाहू नये, एका गोळीची किंमत पाहावी. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचे 'फार्मा सही दाम' हे ॲप आहे. नातवाला सांगितले तर तो त्यावर निरनिराळ्या नावांच्या किमती पाहून देईल.

काटकसरीलाही कुंपण हवे. थायरॉइडची, फिट्सची आणि रक्त पातळ ठेवणारी काही औषधे यांत मात्रेचा थोडासा फरकही बाधतो; ती एकदा बसली की कंपनी परस्पर बदलू नये. सावकाश विरघळणारी गोळी मोडून दोन दिवस पुरवू नये. आणि सर्वांत वाईट बचत म्हणजे रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे. ती आपल्या घराघरांत चालते. विशेषतः यजमानांची औषधे आधी आणून स्वतःची पुढे ढकलणाऱ्या आजींकडून.

शेवटी कराचे. साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीचा आरोग्यविमा नाही, तिच्या औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांसाठी खर्च करणाऱ्या मुलालाही ती घेता येते. मात्र रोखीने दिलेले पैसे त्यात धरले जात नाहीत. तेव्हा दुकानात पैसे बँकेमार्फत द्यावे आणि पावती आपल्या नावाची घ्यावी.