जुनी नेटवर्क कार्डे आणि लिनक्स

दोन संगणकांना परस्परांशी बोलावयाचे असेल, तर प्रत्येकात संदेश पाठविणारे आणि स्वीकारणारे एक साधन असावे लागते. नेटवर्क कार्ड ते हेच. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ईथरनेट पद्धतीची पायाभरणी केली. पुढे ही पद्धत घरगुती संगणकापर्यंत पोहोचली, ती स्वस्त कार्डांमुळे. त्यांपैकी नोव्हेल कंपनीचे ‘एनई२०००’ हे कार्ड विशेष प्रसिद्ध झाले. त्यातील ‘८३९०’ ही चकती नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची होती आणि ती सर्वांस विकत मिळत असे. परिणामी अनेक लहानमोठ्या उत्पादकांनी त्याच धर्तीची कार्डे बाजारात आणली.

कार्ड बसविले म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे संगणकाला सांगणारी आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. उत्पादक तो लवचिक चकतीवर देत. परंतु तो डॉस किंवा नेटवेअर यांसारख्या तत्कालीन प्रणालींसाठीच असे. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा त्या प्रणालीसाठी ड्रायव्हर कोण देणार, हा प्रश्न होता. तो काही व्यक्तींनी स्वतः लिहून सोडविला. अमेरिकेतील डोनाल्ड बेकर यांनी एनई२००० सह कितीतरी ईथरनेट कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी १६ सामान्य संगणक ईथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारला. बाजारातील साध्या सामग्रीतून मोठी गणनशक्ती निर्माण होऊ शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

जुने कार्ड चालू करण्यातील सारी गुंतागुंत दोन संख्यांभोवती फिरते. पहिली संख्या म्हणजे कार्डाचा पत्ता. प्रक्रियकाला कार्डातील माहिती जेथून वाचावयाची, ते हे स्थान होय. एनई२००० बहुधा षोडशमान पद्धतीतील ३०० या पत्त्यावर असते आणि तेथून पुढचे ३२ पत्ते व्यापते. दुसरी संख्या इंटरप्टची, म्हणजे संदेश आला असता प्रक्रियकाचे लक्ष वेधणाऱ्या तारेची. पत्ता हा घराचा क्रमांक मानला, तर इंटरप्ट ही दारावरची घंटा ठरेल. ‘आयएसए’ खाचेच्या काळातील संगणकात अशा १५ तारा वापरता येत आणि सामान्यतः दोन कार्डांना एकच तार चालत नसे. एनई२००० वर मूळ नेमणूक तिसऱ्या तारेची असे. नेमकी तीच तार दुसऱ्या सीरियल पोर्टची होती. म्हणून कार्डावरील जंपर नावाच्या लहान टोप्या हलवून दुसरी मोकळी तार निवडावी लागे.

लिनक्सने हे पत्ते स्वतःच का शोधू नयेत? कारण असे की, शोध घेणे निरुपद्रवी नसते. अनोळखी पत्त्यावर नुसते वाचन केले, तरी तेथील एखादे भलतेच कार्ड बिघडून संपूर्ण संगणक ठप्प होऊ शकतो. म्हणूनच एनई२००० चा ड्रायव्हर स्वतंत्र भाग म्हणून चढविताना आयएसए कार्डाचा पत्ता वापरणाऱ्यानेच सांगावा लागतो. इंटरप्ट मात्र ड्रायव्हर स्वतः ओळखू शकतो. तो कार्डाला घंटा वाजविण्यास सांगतो आणि कोणती तार हलली, ते पाहतो.

दोष कोठे आहे, हेही या दोन संख्यांवरूनच कळते. पत्ता चुकला, तर कार्ड सापडतच नाही. पत्ता बरोबर आणि इंटरप्ट चुकीचा असेल, तर कार्ड ओळखले जाते, त्याचा ४८ बिटांचा ईथरनेट क्रमांकही दिसतो; परंतु संभाषण होत नाही. अशा वेळी प्रणालीच्या ‘प्रोक’ निर्देशिकेतील इंटरप्टांची गणना पाहावी. संदेश पाठवूनही आकडा वाढत नसेल, तर दोष घंटेत आहे असे समजावे. संगणकात नव्या ‘पीसीआय’ खाचाही असतील, तर ती तार जुन्या कार्डासाठी राखून ठेवल्याची नोंद बायॉसमध्ये करावी लागते. थ्रीकॉमच्या ‘३सी५०९’ कार्डावर जंपर नसत. त्याच्या संख्या कार्डावरील स्मृतीत साठविलेल्या असत आणि त्या एका आज्ञावलीने बदलाव्या लागत. पुढे पीसीआय कार्डे आपली ओळख स्वतःच सांगू लागली आणि हा खटाटोप संपला.

ड्रायव्हरची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असल्यामुळे उत्पादकाने पाठ फिरविली, तरी कार्ड निरुपयोगी होत नाही. तथापि खुलेपणा म्हणजे अमरत्व नव्हे. टोकन रिंग पद्धतीच्या कार्डांचे ड्रायव्हर २०१२ मध्ये लिनक्समधून वगळण्यात आले. ज्या ३८६ प्रक्रियकावर लिनक्स जन्मास आले, त्याचाही आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून उरला नाही. अशा यंत्रांना जुनी आवृत्तीच वापरावी लागते. ती आजही मिळते, वाचता येते आणि दुरुस्त करता येते. मात्र ते काम अंगावर घेणारा कोणीतरी असावा लागतो.